तोच पाय, तीच पुडी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी माझ्या नवऱ्याला सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटमधून ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलात नेले. त्याच्या डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी बांधलेली होती. पट्टीखाली चिनी औषधाचा पिवळा लेप होता. पट्टी मी बांधली होती, लेपही मीच लावला होता. लेपाचा तो चौथा दिवस होता.

पुढे दिलेल्या वेळा फोनमधल्या फोटोंवरून आणि हॉस्पिटलच्या कागदांवरून घेतल्या आहेत. बोलणे आठवणीतून लिहिले आहे.

पायाचा त्रास पहिल्यांदा झाला तो दोन वर्षांपूर्वी. नवरा आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेस्ट इंजिनिअर होता. दिवसातले सहा-सात तास सेफ्टी शूज घालून उभे राहायचे काम. डाव्या नडगीवर खाजेचा चट्टा उठला. कातडी कोरडी पडून कोंड्यासारखी सुटायची, खाजवले की लस यायची. सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये एक्झिमा सांगितला आणि मलम दिले. मलम लावले की आठवडाभर बरे, थांबवले की पुन्हा सुरू. असे पाच महिने गेले.

आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, तळमजल्यावर, केस कापायचे दुकान आणि बेकरी यांच्यामध्ये, चिनी औषधांचे दुकान आहे. तीन भिंतींना लाकडी खण, खणांवर चिनी अक्षरे, काउंटरवर काटा आणि गुलाबी कागदांची चळत. मागे पडद्याआड एक खोली. तिथे साठीचा एक वैद्य अकरापासून बसतो. तिथे जायला नवराच तयार झाला. मी नको म्हणत होते.

वैद्याने त्याची जीभ पाहिली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली. झोप, तहान, घाम आणि शौच याबद्दल विचारले. पायाकडे तो सगळ्यांत शेवटी वळला. चट्ट्यावरून हाताची पालथी बाजू फिरवली आणि म्हणाला, "इनसाइड हॉट, इनसाइड वेट. फ्रॉम स्किन कम आउट."

"उष्णता," नवरा माझ्याकडे वळून म्हणाला. "बघ, एका वाक्यात सांगितलं. पॉलिक्लिनिकातली ती बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. सगळा वेळ स्क्रीनकडे."

औषधे तीन होती. एक उकळून प्यायचे, दुसरे उकळून त्या पाण्याने पाय धुवायचा, आणि तिसरी पिवळी पूड, गार चहात कालवून लावायची. पुडी घरी उघडल्यावर नवऱ्याने वास घेतला आणि हसला. "अगं, ही तर हळद." त्या पुडीत हळद असते, हे मी नंतर तपासले. हळदीबरोबर कसल्या तरी झाडाची पिवळी साल, रेवाचिनी आणि आणखी सात-आठ वस्तू असतात. लाल, गरम सुजेवर ती चिनी लोक पूर्वापार लावत आले आहेत.

पथ्यही होते. कोळंबी नाही, बदक नाही, मिरची नाही, आंबा नाही, बिअर नाही. ते ऐकून पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पथ्य सांगतो ना? मग तो खरा वैद्य. तो लेप म्हणजे आपल्या दशांग लेपाच्या भावकीतलाच असणार. वाळू देऊ नकोस हं, वाळायला लागला की पाणी मारत राहा."

पहिल्या आठवड्यात चट्टा वाढला. नवरा घाबरून खाली गेला. वैद्याने पुन्हा जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि सांगितले, "ओके. कमिंग आउट." दुसऱ्या आठवड्यापासून खाज कमी झाली. सहाव्या आठवड्याला कातडी साफ होती, फक्त थोडी काळसर. तो एक्झिमा त्या औषधाने बरा झाला की पथ्याने, की कंपनीने त्याच महिन्यात दिलेल्या नव्या बुटांनी, हे मला सांगता येत नाही. बरा झाला, एवढे खरे.

शेवटच्या भेटीत वैद्याने नवऱ्याला कागद दिला. त्यावर औषधांची नावे चिनीत होती. कागद देताना त्याने बोट वर केले. "नेक्स्ट टाइम कम बॅक, यू कम बॅक. आय सी टंग फर्स्ट. डोन्ट सेल्फ बाय." हे माझ्यासमोर झाले. कागद मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला.

या वर्षी नवऱ्याच्या कंपनीने माणसे कमी करायला सुरुवात केली. मे महिन्यापर्यंत त्याच्या टीममधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. त्याचा वर्क पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, कंपनीच्या अर्जावर चालतो. माझा आणि मुलीचा पास त्याच्या पासवर. नूतनीकरण दोन महिन्यांवर आले होते. ज्यांना काढले त्यांत दोन जण आदल्या तीन महिन्यांत आजारपणाच्या रजेवर गेलेले होते, असे त्याने मला सांगितले. रजेमुळेच काढले असे कोणीच म्हटले नव्हते. पण त्याने आणि त्याच्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी तसा हिशेब बांधला होता. तेव्हापासून तो काहीही झाले तरी डॉक्टरचे नाव काढेना. डॉक्टर म्हटले की एमसी, म्हणजे रजेचा दाखला, आणि दाखला म्हटला की नोंद.

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तो घरी आला. मोजे काढताना म्हणाला, "आलं परत."

मी पाहिले. डाव्या नडगीवर, जुन्या जागेपासून चार बोटे खाली, लाल ठिगळ होते. पन्नास सेंटच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे. पायाच्या दोन बोटांमध्ये चिखली होऊन चीर पडलेली होती. मी ठिगळावर हात ठेवला. ते गरम होते. खाज सुटत नव्हती, दुखत होते. मागच्या वेळी कातडी खरखरीत होती आणि खपली सुटत होती. या वेळी ती गुळगुळीत, ताणलेली आणि चकचकीत होती. हा फरक मी शुक्रवारीच पाहिला. वेळ सात वाजून बारा मिनिटे. फोटो आहे.

"हे तसं दिसत नाहीये," मी म्हटले.

"पाय तोच, जागा तीच. तसं कसं नाही?"

"दुखतंय म्हणतोस ना? तेव्हा दुखत नव्हतं."

"तेव्हा दहा तास उभा राहत नव्हतो. दोघांचं काम एकटा करतोय. डॉक्टरकडे गेलो की तो तीन दिवस बसवणार. मंगळवारी माझा रिव्ह्यू आहे. तुला माहीत आहे ना काय चाललंय ते?"

मला माहीत होते.

पुण्यात आमच्या दोघांच्याही घरी एक रीत होती. डॉक्टरची चिठ्ठी फेकायची नाही. तेच दुखणे उलटले की पुन्हा डॉक्टरकडे न जाता ती चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जायचे. तो चिठ्ठीवर नजर टाकून गोळ्या काढून देतो. माझ्या आईने अशा एका चिठ्ठीवर नऊ वर्षे काढली होती. चिठ्ठीच्या घड्या फाटल्यावर तिने ती पुठ्ठ्यावर चिकटवली होती. आमच्या घरात या रीतीला कोणी चूक म्हणत नसे, घरात शहाणे माणूस असल्याची ती खूण होती.

शनिवारी सकाळी सव्वाअकराला मी फोल्डर घेऊन खाली गेले. वैद्य नव्हता. त्याच्या बहिणीच्या घरी कोणी वारले होते, तो मलेशियात गेला होता. काउंटरवर औषधे तोलणारी बाई होती. पन्नाशीची, नेहमी बिनबाह्यांचा निळा ॲप्रन घालणारी. मी कागद पुढे केला. तिने तो वाचला, मागे उलटून पाहिला.

"दिस वन ओल्ड," ती म्हणाली. "टू इयर्स ऑलरेडी."

"हो. माझ्या नवऱ्याचं," मी इंग्रजीत सांगितले.

"सेम पर्सन?"

"सेम."

"सेम स्किन?"

मी म्हटले, "सेम, सेम."

तिने कागद खाली ठेवला. "फिजिशियन ट्यूजडे कम बॅक. बेटर यू वेट."

मी म्हटले की त्याला काम आहे, थांबता येणार नाही, आणि मागच्या वेळी याच औषधाने बरे वाटले होते. अकरा वर्षे मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केले आहे. शंका असलेले वाक्य ठाम आवाजात कसे बोलायचे, हे तिथे शिकायला मिळते. तिने कागद पुन्हा उचलला. मग खण उघडायला वळली.

"वॉशिंग वन कॅन. पावडर कॅन. ड्रिंकिंग वन कॅनॉट, मस्ट सी फर्स्ट." मग पुडी बांधता बांधता म्हणाली, "इफ फीवर, गो डॉक्टर, हां. डोन्ट प्ले-प्ले."

घरी आल्यावर मी काढा उकळला, गार केला, त्याने पाय धुतला. बोटांमधली चीरही धुतली. मग गार चहात पूड कालवून लेप दिला आणि पट्टी बांधली. ठिगळ तोपर्यंत तळहाताएवढे झाले होते. लेप लावताच त्याने डोळे मिटून घेतले. "आहा. थंड पडतंय बघ."

त्याला थंड वाटले, हे खोटे नव्हते. ओला लेप गरम कातडीवर थंडच लागतो.

रविवारी सकाळी मी मुलीचे बॉलपेन घेऊन लाल भागाच्या कडेने रेघ ओढली. डेस्कवरची सवय. आकडा बदलला की नाही हे कळायला आधीचा आकडा लिहिलेला लागतो. संध्याकाळी पाच वाजता पट्टी सोडली तेव्हा लाली रेघेच्या बाहेर गेली होती. वरच्या बाजूला तीन बोटे, खाली घोट्यापर्यंत.

"रेघेबाहेर गेलंय," मी म्हटले.

"जाणारच. मागच्या वेळी पहिल्या आठवड्यात वाढलं नव्हतं? काय म्हणाला होता तो? कमिंग आउट. उष्णता बाहेर पडतीये."

"मागच्या वेळी त्याने नाडी बघून सांगितलं होतं."

"मग या वेळी तू बघ," तो म्हणाला आणि हात पुढे केला. हसत होता. मी मनगट धरले. नाडी जलद होती. हातही गरम होता.

मुलगी तेरा वर्षांची. ती सोफ्यावर बसून होमवर्क करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट गो सी डॉक्टर, लाह."

"डॉक्टर एमसी देईल."

"देन टेक एमसी, व्हॉट."

"एमसी घेतली की बॉस म्हणेल, हा माणूस आजारी असतो."

"बट यू आर आजारी."

"तू गणितं कर."

"धिस इज सायन्स," ती म्हणाली.

आठ वाजता त्याला हुडहुडी भरली. त्याने पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या घेतल्या आणि अंगावर चादर ओढली. काउंटरवरच्या बाईने तापाबद्दल काय सांगितले होते ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, एसीमुळे आहे. मी एसी बंद केला. थर्मामीटर लावला नाही. थर्मामीटर औषधांच्या डब्यात होता.

सासूबाईंचा फोन आला. मी त्यांना लाली वाढल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "पिकायला आलं असेल. पिकलं की फुटतं, फुटलं की मोकळं. लेप बंद करू नका मधेच." मी लेप बंद केला नाही.

सोमवारी तो कामावर गेला. पट्टीवर सैल पँट घातली. एमआरटी ट्रेनने जाणे जमणार नव्हते, टॅक्सी मागवली. सकाळी दहा वाजता त्याचा मेसेज आला: ठीक. साडेबाराला: ठीक, बसून काम करतोय. अडीचला: येतोय.

टॅक्सीतून उतरताना त्याने दाराच्या वरच्या कडेला दोन्ही हातांनी धरले होते. लिफ्टपर्यंतच्या अंतरात दोनदा थांबला. घरात आल्यावर म्हणाला, "पायात कोणी तरी बसलंय."

पट्टी सोडली. लालीच्या मध्यभागी जांभळा डाग होता, आणि त्यावर पाणी भरलेले दोन फोड. मी डागाला हात लावला तर त्याला फारसे काही जाणवत नव्हते. डागाच्या भोवती बोट टेकवले की तो ओरडत होता. फोटो घेतला. चार वाजून एकोणचाळीस.

मी म्हटले, आता डॉक्टरकडे चल. तो म्हणाला, उद्या. उद्या तीन वाजता रिव्ह्यू झाला की तिथूनच क्लिनिकमध्ये जातो, शब्द. मी म्हटले, आत्ता. तो म्हणाला, "एक दिवस दे मला. फक्त एक दिवस. तीन वर्षं काढायची आहेत इथे, पोरगी दहावीला जाईपर्यंत. एका दिवसाने काय होणार आहे?"

मी एक दिवस दिला. नवा लेप कालवला, फोड चुकवून लावला, पट्टी बांधली. हे पाच वाजता.

मंगळवारी सकाळी त्याला उठता येईना. डोळे उघडत होता, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून उशिरा येत होते. मला त्याने विचारले की आज रविवार आहे का. मुलगी शाळेत गेलेली होती. दहा पन्नासला मी खाली गेले. दुकानाचे शटर अर्धे वर होते. वैद्य आत चप्पल बदलत होता, दंडावर सुतकाची काळी पट्टी होती.

आधी ॲम्ब्युलन्स का बोलावली नाही, हे मला नंतर इमर्जन्सीमधल्या डॉक्टरने विचारले. उत्तर असे की औषध ज्याचे, त्याला आधी विचारावे असे मला वाटले.

मी वैद्यासमोर फोन धरला. त्याने सोमवारचा फोटो पाहिला, मग मागे सरकवत रविवारचा, शनिवारचा, शुक्रवारचा पाहिला. काउंटरवरच्या बाईला चिनीत काही तरी विचारले. तिने माझ्याकडे बोट केले. तो तसाच चपला घालून माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आला.

खोलीच्या दारातच तो थांबला. वास घेतला. मला तो वास सकाळपासून येत होता, मला तो औषधाचा वाटला होता. त्याने पट्टी सोडायला सांगितली. जांभळा डाग काळा झाला होता आणि घोट्याकडे उतरला होता. नवऱ्याने त्याला ओळखले. जीभ बाहेर काढून दाखवली.

वैद्याने जीभ पाहिली नाही. डागाच्या कडेला एक बोट दाबले आणि काढून घेतले.

"धिस नॉट स्किन," तो म्हणाला. "धिस इनसाइड. हॉस्पिटल. नाऊ. यू कॉल, ऑर आय कॉल?"

मी फोन लावला. त्याने फोन माझ्या हातातून घेतला, ब्लॉकचा नंबर आणि मजला सांगितला. मी पट्टी पुन्हा बांधली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो दारात उभा राहिला.

"हू से सेम?" त्याने विचारले.

"मी," मी म्हटले.

त्याने मान हलवली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये तिरके करावे लागले तेव्हा एक बाजू त्याने धरली.

इमर्जन्सीमध्ये तरुण डॉक्टर होती. तिने लेप ओल्या गॉजने पुसून काढला. पिवळा रंग कातडीवर राहिला, त्यामुळे खालची लाली किती हे नीट दिसत नव्हते. तिने विचारले, काय लावले, किती दिवस, तोंडाने काही दिले का. मी कागद दिला आणि क्रमाने सांगितले. ती लिहून घेत होती. बॉलपेनची रेघ पाहून म्हणाली, "ही कोणी ओढली?"

"मी."

"कधी?"

"रविवारी सकाळी."

ती रेघेकडे आणि रेघेच्या बाहेर पाहत राहिली. मग तिने दुसरे पेन घेऊन नवी रेघ ओढली. ती गुडघ्यावर होती.

रक्त तपासले. साखर खूप वाढलेली निघाली. डॉक्टरने विचारले, डायबेटिस कधीपासून आहे? मी सांगितले, नाही. मग सांगितले, की आदल्या वर्षीच्या कंपनीच्या तपासणीत साखर सीमारेषेवर आली होती, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा असे लिहिलेले होते, त्याने तपासली नाही. तो रिपोर्ट मी वाचला होता. तो त्याच फोल्डरमध्ये होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी सर्जन आला. त्याने मला खुर्चीवर बसायला सांगितले आणि स्वतः समोर बसला. बोटांमधल्या चिरेतून जंतू आत गेले असावेत, असे तो म्हणाला. ते कातडीखालच्या थरातून पसरतात आणि जिथून जातात तिथले मांस मरते. वर दिसते त्यापेक्षा आत जास्त पसरलेले असते. औषध रक्तातून जाते, पण मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून तो भाग कापून काढावा लागतो. आज जेवढे मेले आहे तेवढे काढू, उद्या पुन्हा उघडून पाहू.

मी विचारले, "पावडरने झालं का हे?"

"पावडरने नाही."

"पावडर लावली नसती तर?"

"तर तुम्ही कधी आला असता?" त्याने विचारले.

मी म्हटले, शुक्रवारी नाही. रविवारी कदाचित. सोमवारी नक्की.

त्याने ते लिहून घेतले नाही. सहीसाठी कागद पुढे केला. त्या दिवशीची शस्त्रक्रिया संध्याकाळी साडेसहाला संपली. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे मांस गेले होते. तीन वाजताच्या रिव्ह्यूची वेळ टळून गेली होती. त्याच्या ऑफिसचे दोन फोन येऊन गेले होते, मी घेतले नव्हते. रात्री मेसेज करून कळवले.

बुधवारी सकाळी आयसीयूत तो सुमारे अर्धा तास जागा होता. तोंडात नळी नव्हती. ओठ कोरडे होते. नर्सने स्पंज दिला होता, मी तो त्याच्या ओठांवर फिरवत होते.

"ऑफिसला काय सांगितलंस?" त्याने विचारले.

"ॲडमिट आहे म्हणून."

"कशासाठी म्हणून?"

"पाय."

"पाय नको म्हणायला पाहिजे होतं. पाय म्हटलं की उभं राहायचं काम काढून घेतील. पोट म्हणायचं." थोडे थांबून म्हणाला, "चावी माझ्या बॅगेत आहे. टेस्ट बेंचची. ती कोणाला तरी दे. त्यांचं काम अडेल."

"देते."

"तो वैद्य आला होता ना घरी? की मला भास झाला?"

"आला होता."

"काय म्हणाला?"

"हॉस्पिटलात जा म्हणाला."

"बघ," तो म्हणाला. "चांगला आहे तो."

मुलगी दुपारी आली. शाळेचा गणवेश बदललेला नव्हता. काचेतून तिने वडिलांना पाहिले आणि मला मराठीत विचारले, "आई, बाबांचा पाय राहणार ना?" ती माझ्याशी सहसा मराठीत बोलत नाही. मी सांगितले की अजून माहीत नाही. त्या वेळी तेवढेच निश्चित होते.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा उघडून पाहिले. पोटरी गेली होती. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेल्या औषधाचे प्रमाण दुपारपासून दोनदा वाढवले होते. त्याच्या तोंडात आता नळी होती. सासूबाई आणि माझा दीर पुण्याहून निघण्यासाठी तिकीट पाहत होते. सासूबाई फोनवर फक्त एवढेच विचारत होत्या, "लेप काढला ना गं? लेप काढला ना?"

गुरुवारी सकाळी पावणेआठला सर्जनने मला त्याच खोलीत बसवले. आता पाय वाचवत राहिलो तर माणूस जाईल, असे तो म्हणाला. त्याने हे दोन वेळा, दोन प्रकारे सांगितले, दुसऱ्यांदा सावकाश. गुडघा ठेवता आला तर पुढे कृत्रिम पायाने चालणे सोपे जाते, म्हणून गुडघ्याखाली कापायचा प्रयत्न करणार. तिथले मांस जिवंत आहे की नाही हे टेबलावरच कळेल.

"तो बेशुद्ध आहे," मी म्हटले. "त्याला विचारलेलं नाही."

"त्याच्या वतीने आम्ही दोन डॉक्टर निर्णय घेतोय. तुम्हाला समजलं आहे, एवढ्यासाठी तुमची सही."

मी कागद वाचला. दोनदा वाचला. नाव, बाजू आणि जागा तपासली. डावा, गुडघ्याखाली, आवश्यक वाटल्यास वर. सही केली.

मग एका समन्वयक बाईने दुसरा कागद आणला. काढलेला अवयव कुटुंब ताब्यात घेणार, की हॉस्पिटलने विल्हेवाट लावायची, असे त्यात विचारले होते. ती हळू आवाजात म्हणाली की काही हिंदू कुटुंबे अवयव घेऊन जातात आणि दहन करतात, त्याची व्यवस्था होते, घाई नाही. मी दिराला फोन लावला. तो विमानतळावर होता. त्याने सासूबाईंना विचारले नाही. "वहिनी, तिथेच करू दे," तो म्हणाला. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

शस्त्रक्रिया सव्वानऊला सुरू झाली. मी आणि मुलगी बाहेरच्या खुर्च्यांवर होतो. दहाच्या सुमारास तिने मशीनमधून माइलोचा डबा आणला, उघडला आणि प्यायली नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सर्जन बाहेर आला. गुडघ्याजवळचे मांस मेलेले निघाले होते. पाय मांडीच्या मध्यावर कापावा लागला. नवरा जिवंत होता, रक्तदाबाचे औषध एक पायरी कमी करता आले होते.

दोन वाजता समन्वयक बाई अवयवाचा कागद घेऊन पुन्हा आली. त्यावर सकाळी "डावा, गुडघ्याखाली" असे लिहिले होते. "खाली" आडव्या रेघेने खोडून त्याजागी "वर" लिहिले होते, शेजारी एका डॉक्टरची सही होती. दुरुस्तीवर कुटुंबाचीही सही लागते, असे तिने सांगितले. मी दुरुस्तीशेजारी सही केली आणि वेळ लिहिली. दोन वाजून सहा मिनिटे.